आधी दात ठरवा, मग स्क्रू: आईच्या तीन दातांची तीन वेगळी उत्तरं

प्रश्न थोडक्यात असा: "आईचं वय ६१. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. खालची डावी पहिली दाढ किडली म्हणून तीन वर्षांपूर्वी काढली. वरची उजवी दाढ हलायला लागली म्हणून गेल्या महिन्यात काढली. आता वरच्या समोरच्या, रूट कॅनल करून कॅप बसवलेल्या दाताचं मूळ उभं तडकल्याचं निघालंय. एक डॉक्टर म्हणतात, साध्या एक्स-रेवर इम्प्लांट होतील. दुसरे म्हणतात, थ्री-डी स्कॅन आणि संगणकावर बनवलेला गाइड लागेल, त्याचे पैसे वेगळे. तिसरे म्हणतात, दात काढू त्याच दिवशी इम्प्लांट, टाके नाहीत, तीन दिवसांत दात. कोणाचं ऐकायचं?"

उत्तर:

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तुम्ही जाता जाता लिहून गेलात. वरची दाढ "हलायला लागली म्हणून" काढली. कीड लागणं वेगळं, मूळ तडकणं वेगळं. दाढ हलते तेव्हा बहुतेक वेळा तिच्याभोवतीचं हाड विरघळलेलं असतं, ज्याला आपल्याकडे पायोरिया म्हणतात. तो एका दाताचा क्वचितच असतो. त्याच तोंडात, त्याच जंतूंमध्ये आपण टायटॅनियमचे तीन स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवणार. नैसर्गिक दाताच्या मुळाला हिरडीचे तंतू आडवे शिरून घट्ट धरतात. इम्प्लांटभोवती ते शिरत नाहीत, नुसते कडेने उभे किंवा गोल फिरतात. त्यामुळे जंतुसंसर्ग खाली उतरायला लागला की अडवणारं फारसं काही नसतं.

म्हणून स्कॅन, गाइड (ड्रिलला दिशा देणारा, तोंडात बसवायचा साचा), लेझर हे सगळं नंतर. आधी सगळ्या दातांभोवती प्रोबने, म्हणजे खुणा असलेल्या बारीक सळईने, हिरडीची खोली मोजून घ्या, मुळांची खोल सफाई करून घ्या आणि दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा मोजा. हिरड्यांतून रक्त येणं थांबलेलं नसेल तर मी इम्प्लांटची तारीख देत नाही. साखरेचंही तसंच. वय ६१ ही अडचणच नाही. ऐंशीच्या माणसालाही इम्प्लांट छान जुळतात. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, सातच्या आसपास असेल तर मी निर्धास्त असतो, आठच्या वर असेल तर फिजिशियनशी बोलून थांबतो. हिरडीचा आजार आटोक्यात आला की साखर सांभाळणंही थोडं सोपं जातं, तेव्हा हे दोन महिने वाया जात नाहीत.

आणखी दोन गोष्टी आईंना विचारा, कारण त्या स्वतःहून सांगणार नाहीत. पहिली, हाडं ठिसूळ झाली म्हणून काही चालू आहे का? आठवड्याची अलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा सलाइनमधून झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन. साखरेची गोळी सगळे सांगतात. वर्षातून एकदा घेतलेलं सलाइन कोणाच्या लक्षातच राहत नाही. या औषधांमुळे जबड्याचं हाड शस्त्रक्रियेनंतर नीट न भरण्याचा धोका असतो. म्हणून औषध आपल्या मनाने बंद मात्र करू नका. डेनोसुमॅब अचानक थांबवलं तर मणके दबून मोडू शकतात. निर्णय ते औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच व्हायला हवा. दुसरी गोष्ट मिश्री. आपल्याकडच्या कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात आणि "तंबाखू खाता का?" याला मनापासून "नाही" म्हणतात. प्रश्नच वेगळा विचारावा लागतो.

आता मुद्द्यावर येतो. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडावर प्रयोग करताना टायटॅनियम हाडाशी पक्कं जुळतं हे दिसलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले, आणि १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर जगभरच्या दंतवैद्यांनी ते गंभीरपणे घेतलं. त्या काळाची रीत अशी, की जिथे हाड भरपूर तिथे स्क्रू लावायचा, हिरडी शिवून टाकायची, खाली तीन-चार आणि वर सहा महिने थांबायचं आणि मग दात त्या स्क्रूवर कसाबसा जमवायचा. दात नसलेल्या जबड्यावर कवळी घट्ट बसवण्यापुरतं ते चालून जायचं. एकेका दातासाठी ते वापरायला लागल्यावर गंमत कळली. स्क्रू हाडात एकदम भक्कम, पण दात मात्र ओठाकडे झुकलेला, नाहीतर अन्न अडकेल असा भलत्या आकाराचा.

आज आपण ज्याला आधुनिक नियोजन म्हणतो त्याचा गाभा एवढाच आहे, की हा क्रम उलटा झाला. तोंडातल्या छोट्या कॅमेऱ्याने दात आणि हिरड्या स्कॅन करतात. सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या थ्री-डी एक्स-रे स्कॅनमधून, हाड दिसतं. संगणकावर ही दोन चित्रं दातांच्या कडा जुळवून एकमेकांवर बसवतात. मग रिकाम्या जागेत आधी दात काढायचा, म्हणजे रेखाटायचा: विरुद्ध जबड्यातल्या दाताशी कुठे भिडेल, हिरडीतून कुठून वर येईल, शेजारच्या दातांशी कसा टेकेल. त्या दाताच्या खाली, त्याला आधार देईल असा इम्प्लांट ठेवायचा. दाढ असेल तर स्क्रूचं भोक चावण्याच्या पृष्ठभागाच्या मध्यावर आलं पाहिजे, समोरचा दात असेल तर मागच्या, जिभेकडच्या बाजूला. आणि हे झाल्यावर शेवटी बघायचं, की तिथे हाड आहे का. असेल तर उत्तम. नसेल तर हाड वाढवायचं, थोडा कोन बदलायचा किंवा इम्प्लांटचा नाद सोडून शेजारच्या दातांवर आधारलेला ब्रिज करायचा. तिसरा पर्यायही नियोजनाचाच भाग आहे, हे काही ठिकाणी विसरलं जातं.

म्हणून तिन्ही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "होणारा दात स्कॅनवर कुठे बसवलाय ते दाखवता का?" ज्यांच्या स्क्रीनवर नुसता स्क्रू आहे आणि त्याच्यावर दात नाही, त्यांचं नियोजन अर्धं झालंय. महागडं सॉफ्टवेअर असलं तरी अर्धंच.

स्कॅनबद्दल पहिल्या डॉक्टरांशी मी सहमत नाही. ओपीजी हा चांगला पहिला एक्स-रे आहे, सगळं तोंड एका नजरेत दिसतं. पण त्यात जबडा मोठा दिसतो, साधारण पाव पटीपर्यंत, आणि हा फुगवटा सगळीकडे सारखा नसतो. मुख्य म्हणजे त्यात हाडाची रुंदी दिसतच नाही. तुमच्या आईंच्या तिन्ही जागांवर रुंदीही बघावी लागणार आहे. मात्र सगळ्या डोक्याचा स्कॅन करू नका. हव्या त्या भागापुरता लहान स्कॅन केला की किरणं कमी आणि चित्र जास्त स्पष्ट. धातूच्या कॅपमुळे चित्रात चरे येतात, त्यामुळे समोरची जुनी कॅप काढून स्कॅन करता आला तर बरं. आणि रिपोर्टमध्ये हाडाची घनता म्हणून एखादा आकडा लिहिलेला दिसला तर त्यावर फार विसंबू नका. हॉस्पिटलच्या सीटी स्कॅनमधला तो आकडा मोजमाप असतो, सीबीसीटीमधला बराचसा अंदाज.

खालची दाढ ही तिघांतली सरळ जागा. तीन वर्षांत हाड भरून निघालेलं असणार, पण रुंदीने, विशेषतः गालाच्या बाजूने, ते झिजलेलंही असणार. इथे सांभाळायचं ते खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेला. इम्प्लांटचं टोक आणि त्या नसेचा बोगदा यांत किमान २ मिलिमीटर अंतर ठेवायचं हा नियम. यात एक बारीक गोम आहे. बहुतेक ड्रिलचं टोक त्यावरच्या खुणेपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर पुढे जातं. खूण १० ची असली तरी हाड १०.५ किंवा ११ पर्यंत कापलं जातं. दोन मिलिमीटरचं अंतर मुळात अशाच गोष्टींसाठी ठेवलेलं आहे. दुसरी काळजी जिभेच्या बाजूची. खालच्या दाढांखाली जबडा आतून खोलगट असतो. ड्रिल तिथून बाहेर पडलं तर जिभेखाली रक्तस्राव होऊन सूज श्वासापर्यंत जाऊ शकते. असं क्वचित घडतं, पण ओपीजीवर हा खोलगटपणा अजिबात दिसत नाही, आणि स्कॅनचा आग्रह मी धरतो तो याचसाठी.

या भागातलं हाड घट्ट असतं. घट्ट हाडात इम्प्लांट लगेच पक्का बसतो, लोकांना बरं वाटतं. पण तिथेच हाड तापतंही लवकर. हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिलं तर त्यातल्या पेशी मरायला लागतात, हे १९८३ पासून माहीत आहे. म्हणून धारदार ड्रिल, एकामागून एक थोडं थोडं रुंद करत जाणं, वर-खाली हलवत राहणं आणि भरपूर थंड सलाइन. इम्प्लांट फिरवताना ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास जोर लागला की पुरे. साठ-सत्तरपर्यंत आवळून "केवढा घट्ट बसलाय" असं सांगणाऱ्याला मी शाबासकी देणार नाही. दाबलेलं हाड नंतर मागे हटतं.

इथे गाइड लागेल का? असला तर चांगलं, नसला तरी अनुभवी हाताने होण्यासारखं काम आहे. उलट गाइडची इथे एक वेगळीच अडचण असते. गाइडमधून जाणारे ड्रिल लांब असतात, वर मशीनचं डोकं, त्यात दाढ मागे. तोंड भरपूर उघडावं लागतं. गुटखा-सुपारीमुळे ज्यांचं तोंड उघडायचं कमी झालंय, त्यांच्यात मागच्या दाढांसाठी पूर्ण गाइड आतच जात नाही. तिथे पहिल्या बारीक ड्रिलपुरता, दिशा दाखवण्यापुरता गाइड वापरायचा आणि पुढचं काम मोकळ्या हाताने करायचं.

आणि "टाके नाहीत" याचं एवढं आकर्षण का, हे मला कधी कळलेलं नाही. हिरडीला गोल भोक पाडून इम्प्लांट बसवता येतो, सूज कमी येते, हे खरं. पण दाढेच्या जागी घट्ट, फिकट गुलाबी, न हलणारी हिरडी आधीच कमी असते. त्या भोकात नेमकी तीच कापून फेकली जाते. इम्प्लांटभोवती अशी हिरडी निदान दोनेक मिलिमीटर असली तर ब्रश दुखत नाही आणि म्हणून सफाई होते. छोटासा छेद घेऊन ती हिरडी गालाच्या बाजूला सरकवायची आणि दोन टाके घालायचे. आठवड्याने टाके निघतात, हिरडी पुढे वर्षानुवर्षं कामाला येते. शिवाय हिरडी उघडली की हाड डोळ्यांना दिसतं. हाड अरुंद असेल तर आंधळेपणाने भोक पाडण्यापेक्षा ते बघून केलेलं बरं.

एक विसरायला नको. तीन वर्षं रिकामी जागा म्हणजे तिच्यावरची वरची दाढ खाली उतरली असेल, मागची दाढ पुढे कलली असेल. हाडापासून विरुद्ध जबड्यातल्या दातापर्यंत सात-आठ मिलिमीटर उंची मिळाली नाही तर इम्प्लांट बसेल, पण त्यावर दात बसणार नाही. आधी दात रेखाटला की हे पहिल्याच दिवशी कळतं.

वरच्या दाढेची गोष्ट वेगळी. तिच्या वर सायनस, म्हणजे गालामागची, वरच्या जबड्याच्या हाडातली हवेची पोकळी. दाढ गेली की खालून हाड झिजतं आणि वरून सायनस खाली पसरतो. त्यात पायोरियाने आधीच हाड खाल्लेलं, आणि जे उरतं ते मऊ. काढून एकच महिना झालाय. तीन-चार महिने भरू द्या, मग स्कॅन करा. आत्ताचा स्कॅन तेव्हा शिळा होईल.

तेव्हा उरलेल्या हाडाची उंची बघून रस्ता ठरतो. आठ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर नेहमीसारखा इम्प्लांट. पाच ते आठ असेल तर त्याच भोकातून सायनसचं अस्तर हळूच वर उचलून थोडं हाड भरता येतं. समर्स यांनी १९९४ मध्ये यासाठी ऑस्टिओटोमची पद्धत मांडली, म्हणजे छोट्या हातोडीने ठोकून हाड वर सारायचं. ती चालते, पण त्या ठोक्यांनी कधी कधी पेशंटला नंतर काही दिवस चक्कर येते, कारण कानातले तोल सांभाळणारे सूक्ष्म खडे जागचे हलतात. साठीच्या पुढच्या माणसाला मी ठोकाठोकी टाळतो. आता उलट्या दिशेने फिरणारे ड्रिल मिळतात. ते हाड कापून बाहेर काढण्याऐवजी बाजूला दाबत नेतात, मऊ हाड थोडं घट्ट होतं आणि अस्तरही उचललं जातं. मऊ वरच्या हाडासाठी गेल्या काही वर्षांत आलेल्या गोष्टींमधली ही मला सर्वांत उपयोगी वाटते. खालच्या घट्ट हाडात मात्र तिचा फारसा उपयोग नाही.

पाचपेक्षा कमी उंची असेल तर सायनस लिफ्ट, म्हणजे बाजूने खिडकी करून अस्तर उचलायचं आणि खाली हाड भरायचं. इथे पिएझोचं यंत्र खरोखर कामाचं आहे. ते ध्वनिलहरींच्या कंपनाने हाड कापतं, मऊ अस्तर सहसा कापत नाही. तरीही अस्तर फाटणं ही या शस्त्रक्रियेतली नेहमीची अडचण आहेच. छोटा फाटा झाकता येतो, मोठा असेल तर थांबून काही महिन्यांनी पुन्हा यावं लागतं. सहा-नऊ महिने हाड पिकायला द्यावे लागतात. आधी सायनस स्वच्छ असला पाहिजे; स्कॅनमध्ये तो भरलेला दिसला तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन या. नंतर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, विमानप्रवास टाळायचा.

किंवा सहा मिलिमीटरचा आखूड इम्प्लांट. पूर्वी आम्हाला शिकवलं होतं की लांब तेवढा चांगला. आता आखूड इम्प्लांटचे निकाल पुरेसे चांगले आहेत, आणि मधुमेह असलेल्या साठीच्या बाईंना मोठी शस्त्रक्रिया टळत असेल तर मी आधी तोच विचार करेन.

हाड भरायचं म्हटलं की एक गोष्ट स्पष्ट विचारा: ही "हाडाची पावडर" कशाची आहे? सगळ्यात जास्त वापरली जाणारी पावडर गाईच्या हाडावर प्रक्रिया करून बनते; वरून झाकायचा पडदा बऱ्याचदा डुकराच्या किंवा गाईच्या कोलॅजनचा असतो. पेशंट माळकरी असो, जैन असो, मुस्लिम असो की आणखी कोणी, हे आधी सांगणं डॉक्टरचं काम आहे. पर्याय आहेत: कृत्रिम पावडर, पेशंटचं स्वतःचं हाड, मानवी दात्याचं हाड. प्रत्येकाचे गुण थोडे वेगळे, पण ऑपरेशननंतर पाकीट वाचून धक्का बसण्यापेक्षा आधी ठरलेलं बरं. पेशंटच्याच रक्तातून काढलेलं पीआरएफ सोबत वापरतात. फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ मध्ये ते मांडलं. जखम भरायला त्याची मदत होते. एकट्याने ते हाड तयार करत नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

आता समोरचा दात. तिसऱ्या डॉक्टरांचं "काढू त्याच दिवशी इम्प्लांट" मला इथे पटत नाही, आणि कारण नीट सांगतो.

वरच्या समोरच्या दातांच्या मुळावर ओठाच्या बाजूला असलेलं हाड अतिशय पातळ असतं, बहुतेकांत एक मिलिमीटरही नाही. ते हाड दातामुळेच जगतं. दाताच्या मुळाकडून येणारा रक्तपुरवठा तुटला की काही आठवड्यांत ते विरायला लागतं. बरीच वर्षं आम्हाला वाटायचं, त्याच दिवशी इम्प्लांट घातला तर हे हाड टिकेल. २००५ मध्ये अरौजो आणि लिंडे यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की टिकत नाही. इम्प्लांट असो-नसो, ते हाड जातं. म्हणून आज त्याच दिवशी इम्प्लांट करायचा तर तो टाळूच्या बाजूला सरकवून बसवतात, ओठाकडची दोनेक मिलिमीटरची फट हळू विरणाऱ्या पावडरने भरतात, गरज पडली तर टाळूतून थोडी हिरडी काढून पुढे जाडी वाढवतात आणि तात्पुरता दात लावला तरी तो खालच्या दातांना अजिबात लागू देत नाहीत. नीट निवडलेल्या पेशंटमध्ये हे सुरेख होतं.

"नीट निवडलेल्या" म्हणजे काय, ते बघा. ओठाकडची हाडाची भिंत शाबूत, हिरडी जाड, पू नाही, मुळाच्या टोकापलीकडे तीन-चार मिलिमीटर हाड पकडायला शिल्लक. आता आईंचा दात घ्या. मूळ उभं तडकलंय. उभ्या तड्याचा स्वभावच असा, की त्या रेषेवर जंतू खाली उतरतात आणि नेमकी ओठाकडची भिंत चिरून काढतात. म्हणजे पहिलीच अट बहुधा नापास. अशा जागी त्याच दिवशी इम्प्लांट केला तर पहिले सहा महिने सगळे खूश असतात. मग हिरडी वर चढायला लागते, कॅपच्या वर करडी छटा दिसायला लागते आणि हसताना हात तोंडावर जातो. ते दुरुस्त करणं हे नव्याने इम्प्लांट करण्यापेक्षा कितीतरी कठीण.

काही जण मुळाचा ओठाकडचा पातळ कपचा तसाच ठेवून त्यामागे इम्प्लांट बसवतात, म्हणजे हाडाचा रक्तपुरवठा टिकतो. ह्युर्झेलर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ही कल्पना मांडली. कल्पना सुंदर आहे, हात फार तयार लागतो. पण तडकलेल्या, जंतू शिरलेल्या मुळाचा कपचा ठेवून काय उपयोग? तुमच्या प्रश्नात हा मार्ग बादच.

मी काय केलं असतं? दात शक्य तितका अलगद, हिरडी न उघडता काढला असता. तात्पुरता दात शेजारच्या दातांना चिकटवून किंवा काढता-घालता येणाऱ्या पट्टीवर दिला असता, म्हणजे आई एकही दिवस बिनदाताच्या राहिल्या नसत्या. सहा ते आठ आठवडे थांबलो असतो. तेवढ्यात हिरडी मिटते, जखम शांत होते आणि झाकायला पुरेशी हिरडी मिळते. हाड मात्र अजून फार आकसलेलं नसतं. मग इम्प्लांट आणि त्याच वेळी ओठाकडे हाड भरणं. तीन-चार महिन्यांनी तात्पुरता स्क्रूचा दात देऊन हिरडीला आकार द्यायचा, ती स्थिरावली की पक्का.

गाइडचा आग्रह मी धरतो तो याच जागी. दात काढल्यावर उरलेला खड्डा ओठाकडे कललेला असतो आणि टाळूकडची भिंत उताराची व टणक असते. मोकळ्या हाताने ड्रिल धरलं की ते त्या उतारावरून घसरून ओठाकडेच जातं, अनुभवी हातातही. आणि इथे चुकीला जागा नाही. इम्प्लांटचं तोंड होणाऱ्या हिरडीच्या कडेच्या तीन-चार मिलिमीटर खाली, ओठाकडे जवळपास दोन मिलिमीटर हाड शिल्लक, शेजारच्या दातांपासून किमान दीड. मिलिमीटरभर पुढे गेलं की हिरडी सरकते, वर राहिलं की कॅप हिरडीवर ठेवल्यासारखी दिसते.

पण गाइड म्हणजे रेल्वेचे रूळ नव्हेत. बऱ्याच अभ्यासांचा हिशेब असा आहे, की ठरवलेली आणि प्रत्यक्ष जागा यात इम्प्लांटच्या वरच्या तोंडाशी सरासरी सव्वा मिलिमीटर, टोकाशी त्याहून थोडा जास्त आणि कोनात तीन-चार अंशांचा फरक पडतो. कारण चुका साठत जातात: स्कॅन घेताना आई थोड्या हलल्या, दोन चित्रं नीट जुळली नाहीत, प्रिंट झालेला गाइड किंचित वाकला, दातांवर पूर्ण टेकला नाही. म्हणून चांगल्या गाइडला खिडक्या असतात, त्यातून तो दातावर चपखल बसलाय का ते डोळ्यांनी बघायचं. दातांवर टेकणारा गाइड सर्वांत भरवशाचा. नुसत्या हिरडीवर टेकणारा हलतो. गाइडची नळी पाणी अडवते, त्यामुळे आत वेगळं सलाइन सोडावं लागतं, नाहीतर वर सांगितलेला तापण्याचा प्रश्न इथे दामदुप्पट. आणि नसेपासूनचे दोन मिलिमीटर गाइड असला तरी सोडायचेच. आणखी एक, बरेच गाइड दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये किंवा कंपनीच्या केंद्रात आखले जातात. त्यात वावगं काही नाही, पण आखणी तुमच्या डॉक्टरांनी स्वतः तपासून मंजूर केली आहे का, ते विचारा. संगणकासमोर बसलेल्याने आईंचं तोंड पाहिलेलं नाही.

कॅमेऱ्यांच्या मदतीने पडद्यावर ड्रिलची जागा दाखवत जाणारं नॅव्हिगेशनही आता आपल्याकडे मोठ्या शहरांत दिसतं. गाइड आत जात नाही तिथे ते कामाचं. रोबोही आहेत. अमेरिकेत 'योमी' ला डिसेंबर २०१६ मध्ये एफडीएची परवानगी मिळाली, चीनमधल्या शिआनमध्ये २०१७ मध्ये रोबोने इम्प्लांट बसवले. तीन सुट्या दातांसाठी आईंना त्यांची काही गरज नाही.

राहिलं "तीन दिवसांत दात". ही जाहिरात पूर्ण खोटी नसते, पण ती कोणासाठी आहे ते बघा. सगळा जबडा रिकामा असताना चार-सहा किंवा जास्त इम्प्लांट लावून ते एका ताठ पट्टीने बांधले तर लगेच दात देता येतात. लिस्बनच्या पाउलो मालो यांची चार इम्प्लांटची पद्धत, जिचे निकाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, याच तत्त्वावर चालते. मागचे दोन इम्प्लांट तिरके घालून सायनस आणि नस टाळायची, सगळे एकत्र बांधायचे. एकट्या दाढेला बांधायला शेजारी कोणी नाही. तिच्यावर चावण्याचा सगळा भार पडतो आणि नेमका तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इम्प्लांट सर्वांत कच्चा असतो, कारण पहिल्या दिवशीची घट्ट पकड सैल होत असते आणि नवं हाड अजून पुरतं आलेलं नसतं. म्हणून खाली साधारण दोन-अडीच महिने, वर तीन-चार. घाई करायचीच असेल तर इम्प्लांटची स्थिरता मोजणारं छोटं यंत्र असतं, त्याचा आयएसक्यू आकडा सत्तरच्या वर आला तर लवकर दात देण्याचा विचार करता येतो.

एका तुकड्याचे, खोलवरच्या कठीण हाडाला पकडणारे इम्प्लांटही "तीन दिवसांत" या नावाने लावले जातात. हाड जवळजवळ संपलेल्या काही पेशंटना त्यांचा उपयोग होतो. पण वरचा भाग वेगळा काढता येत नसल्याने पुढे काही बिघडलं तर दुरुस्तीचे रस्ते कमी उरतात. ज्यांच्याकडे नेहमीच्या इम्प्लांटपुरतं हाड आहे, किंवा थोडं वाढवून येईल, त्यांना मी ते सुचवत नाही.

दात कसा जोडला जाणार, हेही आधीच ठरवा. शक्य तिथे स्क्रूने लावलेला घ्या. सिमेंटने चिकटवलेल्या कॅपमधून जादा सिमेंट हिरडीखाली राहिलं तर तिथे सूज धरते आणि कित्येकदा एक-दोन वर्षांनी हाड उतरतं. स्क्रूचा दात सोडवून साफ करता येतो.

एकूण क्रम असा धरा: हिरड्यांचा इलाज आणि साखर, समोरचा दात काढून तात्पुरता दात, मग एकाच स्कॅनमध्ये बसत असतील तर समोरचा आणि खालचा इम्प्लांट, आणि वरची दाढ सर्वांत शेवटी. कदाचित वरची दाढ लागणारही नाही. पुढच्या दाढांवर आईंचं जेवण नीट होत असेल तर तो खड्डा तसाच ठेवणं ही चूक नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस बंद करू नका. खालच्या इम्प्लांटनंतर भूल उतरल्यावरही ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली तर "होईल ठीक" म्हणून झोपू नका, त्याच दिवशी फोन करा. नस दाबली गेली असेल तर पहिल्या एक-दीड दिवसात इम्प्लांट काढण्याने किंवा मागे घेण्याने फायदा होण्याची शक्यता जास्त असते.

पक्का दात बसल्याच्या दिवशी एक एक्स-रे काढून ठेवायला सांगा, पुढची तुलना त्याच्याशी होते. इम्प्लांटभोवतीचा पायोरिया दुखत नाही, त्यामुळे आईंसाठी दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, आणि घरी दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश. प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर स्टिकर असतं, त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर लिहिलेला असतो. ती तिन्ही स्टिकर एका कार्डावर चिकटवून घ्या आणि त्यांचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. दहा वर्षांनी आई तुमच्याकडे दुसऱ्या गावी राहायला आल्या आणि स्क्रू ढिला झाला, तर तिथल्या डॉक्टरांना कोणता पेचकस लागेल ते त्यावरूनच कळणार आहे.